बॅच मोजता, तसा केकही मोजा

संपादक महोदय,

कारखान्यांच्या सांडपाण्यावर आपण छापलेल्या लेखात फिल्टर प्रेसचा उल्लेख 'गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र' एवढ्यावर उरकला आहे. या यंत्रापाशी माझ्या २२ वर्षांच्या शिफ्टा गेल्या, म्हणून हे पत्र.

साध्या चेंबर प्रेसमध्ये प्लेटा गाळ दाबत नाहीत. हायड्रॉलिक जॅक त्यांची रांग घट्ट आवळून धरतो, एवढेच. दाब असतो पंपाचा, बहुतेक ठिकाणी ६-७ बार. दोन प्लेटांमधल्या पोकळीत स्लरी, म्हणजे पातळ गाळ, शिरते, पाणी प्लेटांवरच्या कापडातून निघून जाते आणि घन भाग आत साचत जातो; त्यालाच आम्ही केक म्हणतो. पहिले पाणी गढूळच येते. कापडावर केकचा पातळ थर धरला की तो थरच गाळणीचे काम करू लागतो आणि पाणी नितळ होते. (मेम्ब्रेन प्लेटांचे वेगळे, त्या शेवटी फुगून केक पिळतात.) मीटरभर लांब-रुंद प्लेटवर ७ बार म्हणजे जवळजवळ ७० टनांचा जोर. तो जॅकला शेवटपर्यंत पेलावा लागतो.

आता दुखणे सांगतो. आमच्याकडे शिफ्टचा हिशोब बॅचमध्ये होतो. किती वेळा प्रेस उघडला ते फळ्यावर लिहिले जाते, आतून काय पडले ते कोणी विचारत नाही. मग माणूस घाई करतो. बॅच झाली की नाही, हे प्रेस स्वतः सांगतो: प्रत्येक प्लेटच्या तोटीतून आधी धार पडते, मग ती दोऱ्यासारखी बारीक होते, शेवटी थेंब थेंब. दाबाचा काटा वर जाऊन थांबतो. तोवर धीर धरला, तर प्लेट सरकताच केक अखंड लादीसारखा सुटून धप्पकन खाली पडतो. अर्ध्या तासाच्या लोभाने आधीच उघडला, तर कडा घट्ट आणि मधोमध चिखल. तो चिखल कापडाला चिकटतो, खरवडण्यात वेळ जातो, म्हणजे वाचवलेला अर्धा तास तिथेच संपतो.

आकडेच बघा. १०० किलो कोरडा ऐवज असलेला ३ टक्क्यांचा गाळ सुमारे ३,३०० किलो भरतो. त्याचा ३० टक्क्यांचा केक केला तर वजन ३३३ किलो. घाईत २० टक्क्यांवर सोडला तर ५०० किलो. हे १६७ किलो जादा पाणी आपण ट्रकमध्ये भरतो आणि त्याच्या वाहतुकीचे, विल्हेवाटीचे पैसे मोजतो.

एका रात्रपाळीत मी शिफ्ट घेतली तेव्हा आधीची बॅच अशीच ओली काढलेली होती. एका प्लेटच्या फीडच्या भोकात, म्हणजे स्लरी आत येते त्या भोकात, गोळा अडकून राहिला होता, आणि मी तो पाहिला नाही. पुढच्या बॅचला शेजारची पोकळी भरलीच नाही. प्लेटच्या एका बाजूला पुरा दाब, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पॉलिप्रॉपिलीनची जाड प्लेट बंदुकीसारखा आवाज करून तडकली आणि फटीतून स्लरीचा फवारा उडाला. मी पंपाकडे गेलो होतो म्हणून वाचलो. चौकशीत 'प्लेट निकृष्ट होती' असे लिहिले गेले. तेव्हापासून प्रेस बंद करण्याआधी प्रत्येक भोकात मी बॅटरीचा उजेड टाकून बघतो. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे फळ्यावर कुठेच दिसत नाहीत.

कापडाचेही तेच. बारीक कण विणीत बसले की ते पाणी सोडत नाही. मग पंपाला नावे ठेवली जातात. कापड दाबाच्या पाण्याने धुवायला वेळ द्यावा लागतो, केक काढायला लोखंडी पट्टी न वापरता प्लास्टिकची वापरावी लागते. टाचणीएवढे भोक पडले तरी त्या एका तोटीचे पाणी सतत गढूळ येते. तोट्यांसमोरून रोज चालणाऱ्याला ते पाच पावलांवरून कळते.

माझी मागणी साधी आहे. शिफ्टच्या वहीत बॅचच्या रकान्याशेजारी केकचे वजन आणि ओलावा असे दोन रकाने हवेत, आणि कापड धुण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा. माझ्या वहीत ते रकाने मी पट्टीने आखून घेतले आहेत. बाकीच्या पाळ्यांच्या वह्या छापून येतात, त्यात ते अजून नाहीत.

आपला,
एक फिल्टर प्रेस ऑपरेटर