दिवाळखोरीची अर्धीमुर्धी माहिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला वकिलाविना दिवाळखोरीवरचा लेख वाचून राहवले नाही. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतली 'नवी सुरुवात', म्हणजे छोट्या कर्जदाराला कर्जमुक्त करण्याची सोय, कोणालाही आजच मिळेल, असे आपण छापले आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार, देणे ३५ हजार हे कमाल मर्यादेचे आकडे बरोबर आहेत, पण तो भाग लागूच झालेला नाही. व्यक्तींपैकी कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतीच ती संहिता १ डिसेंबर २०१९पासून लागू आहे. बाकीच्यांना आजही मुंबईत १९०९चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२०चा दिवाळखोरी कायदा. म्हणजे मुंबईकराने उच्च न्यायालयात जायचे, इतरांनी जिल्हा न्यायालयात.

वकील लावायची सक्ती नाही, हे खरे. मात्र अर्जात प्रत्येक घेणेकऱ्याचे नाव, पूर्ण पत्ता आणि रक्कम लागते. मोबाइल ॲपवरच्या कर्जाला नुसते ॲपचे नाव चालत नाही. पैसे देणारी वित्त कंपनी कर्जकरारात असते, तिचा नोंदणीकृत पत्ता घाला. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि तारीख पुढे जाते. मालमत्तेच्या यादीत भिशी, गहाण दागिने, पतसंस्थेतले शेअर, ७/१२वरचा सामाईक हिस्सा, सगळे आले पाहिजे. लपवल्यास १९२०च्या कायद्याच्या (पुढची कलमेही त्याचीच) कलम ६९खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जाआधीच्या २ वर्षांत मोबदल्याविना मेव्हण्याच्या नावे केलेली जमीनही रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेला माणूस, परत ओढू शकतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे यांना हात लागत नाही. घर तारण असेल तर बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही थांबत नाही.

माझा खरा राग पुढच्या वाक्यावर आहे. 'न्यायालयाने दिवाळखोर ठरवले की कर्ज संपले' हे साफ चूक आहे. त्या हुकुमातच एक मुदत लिहिलेली असते. तेवढ्यात कलम ४१खाली कर्जातून मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो राहिला की कलम ४३प्रमाणे हुकूम रद्द होतो, वसुलीच्या दरखास्ती पुन्हा उभ्या राहतात आणि परवानगीशिवाय नवा अर्जही करता येत नाही. वकील नसलेल्याला या तारखेची आठवण कोणी करून देत नाही. माणूस हुकुमाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, आतली ती एक ओळ वाचत नाही आणि जप्तीचा बेलिफ पुन्हा दारात आला की हादरतो. तेव्हा नक्कल हाती पडताच मुदतीच्या ओळीखाली रेघ मारा. अटकेपासून संरक्षणाचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, तोही द्या. मालमत्तेतून देण्याच्या रुपयाला ८ आणेही (म्हणजे निम्मेही) भरत नसतील तर पूर्ण मुक्ततेसाठी तो आपला दोष नाही हे पटवावे लागते. त्यासाठी दवाखान्याची बिले, पीक बुडाल्याचा पंचनामा असे कागद आधीपासून जमवा. सरकारी देणे आणि पोटगी तर मुक्ततेनंतरही सुटत नाही.

फुकट वकील मिळतो, याचा लेखात उल्लेखच नाही! तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना ती आहे. साधा अर्ज, ओळखपत्र आणि लागेल तिथे उत्पन्नाचा दाखला एवढ्यावर काम होते. वकिलाची फी नसलेल्या माणसाला हे आधी सांगायला हवे होते.

आणखी एक. त्याच पानावर खाली 'आगाऊ फी भरा, कर्ज माफ करून देतो' अशी जाहिरात आहे. कर्जाने गांजलेला माणूस लेख वाचून तिथेच फोन लावणार. अशा जाहिराती घेणे बंद करा आणि कलम ४३बाबतचा चूक-दुरुस्तीचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन शिरस्तेदार, सांगली