टाकीचं झाकण उघड

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फ्लश बिघडलाय आणि तू अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून बादलीनं पाणी ओततेयस, हे कळलं. कॉक बंद केलास ते फार बरं केलंस. मिनिटाला 100 मिलीलिटर पाणी गळलं तरी दिवसाला 144 लिटर होतं, म्हणजे 6 लिटरचा फ्लश 24 वेळा उगाच ओढल्यासारखं. पण आता प्लंबरची वाट बघत बसू नकोस. हे काम तुला जमेल, आणि तूच ते करावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. फोनवर घाईत सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टाकीचं झाकण चिनी मातीचं असेल तर दोन्ही हातांनी उचल आणि जमिनीवर फडकं अंथरून त्यावर आडवं ठेव. कुठे टेकवून उभं करू नकोस. नुसतं झाकण वेगळं मिळणं फार कठीण असतं. बटण झाकणातच बसवलेलं असेल तर ते आधी काढावं लागेल, बहुतेक फिरवून निघतं. आतल्या पाण्याची किळस वाटून घेऊ नकोस, ते नळातूनच आलेलं असतं.

आत दोन व्हॉल्व्ह दिसतील. एक पाणी आत घेणारा. पाणी चढलं की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, वर येतो आणि हा व्हॉल्व्ह बंद होतो. दुसरा मधोमध, पाणी खाली सोडणारा, त्याच्या बुडाशी रबराचा वॉशर. जादा पाणी कमोडमध्ये जावं म्हणून ओव्हरफ्लोची नळीही तिथेच असते.

आता कॉक उघड, टाकी भरू दे आणि काहीही न करता नुसती बघत राहा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून आत पडत असेल तर फ्लोट हातानं वर उचल. पाणी थांबलं तर फ्लोट खाली घ्यायचा, एवढंच काम. त्यासाठी स्क्रू किंवा क्लिप असते. पातळी नळीच्या तोंडाखाली साधारण 2 ते 3 सेंटीमीटरवर थांबायला हवी. उचलूनही थांबलं नाही तर आत घेणारा व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा त्यात कचरा अडकलाय.

पण तुझ्या बोलण्यावरून मला वॉशरचाच संशय येतो. कुणी बटण न दाबताही टाकी मधूनमधून आपोआप भरते, असं तू म्हणालीस ना? म्हणजे पाणी खालून झिरपतंय. टाकी भरली की कॉक बंद कर, पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण कर आणि अर्ध्या तासानं बघ. पातळी उतरली तर संशय खरा. शंका राहिलीच तर टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाक. बटण न दाबता कमोडमध्ये रंग उतरला की प्रश्नच मिटला.

मग कॉक बंद ठेवूनच फ्लश करून टाकी रिकामी कर. मधला व्हॉल्व्ह बहुतेक टाक्यांमध्ये थोडा फिरवला की वर निघतो. जोर लावायच्या आधी तो कसा बसवलाय ते नीट बघ आणि फोटो काढून ठेव. वॉशर पाण्याखाली बोटांनी चोळून धू. पुष्कळदा त्यावर आणि तो बसतो त्या कडेवर क्षार साचलेले असतात, तेवढे काढले तरी गळती थांबते. चिवट असतील तर व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ ठेव. सुरी घालून खरवडू नकोस, चरा पडला की पाणी कायमचंच झिरपेल. आणि एक गोष्ट काळजीनं सांगते: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, त्यातून विषारी वायू निघतो. टाकीत टाकायच्या ब्लीचच्या गोळ्याही नकोतच, त्यांनी रबर खराब होतं.

रबर कडक झालं असेल, फुगलं असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर वॉशर बदल. नवा आणताना जुना सोबत घेऊन जा, मापं वेगवेगळी असतात.

प्लास्टिकचा नट सोडवावा लागलाच तर परत बसवताना हातानंच आवळ, पान्यानं जोर करू नकोस. शेवटी सगळे जोड कोरड्या कागदानं टिपून बघ.

टाकीलाच तडा असेल किंवा कमोडच्या बुडाशी ओल दिसली तर मात्र थांब आणि प्लंबरला बोलाव. नाहीतर वॉशर काढलास की त्याचा जवळून फोटो पाठव, मी लगेच बघते.

तुझी,
आई