हा संगणक नाव विचारतोय कोणाला?

प्रिय ताई,

त्या दिवशी फोन ठेवताना घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो. तेवढ्याने माझं मन भरलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मोजमापाच्या यंत्राला जोडलेला तो विंडोज एनटी 4 चा जुना संगणक. फाइल सर्व्हर दुसऱ्या सबनेटवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) हलवला आणि याला तो नावाने सापडेना. आयपी पत्त्यावर पिंग (पोचतंय का, याची चाचणी) व्यवस्थित, नाव टाकलं की एरर 53, म्हणजे ‘वाट सापडत नाही’. केबल, स्विच, परवानग्या, दोन दिवस मी सगळं पालथं घातलं. तुम्ही एकच विचारलंत, “हा संगणक नाव विचारतोय कोणाला?”

मी म्हणालो, डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नेहमीच्या सेवेला. तुम्ही शांतपणे समजावलंत की विंडोज 2000 च्या आधीच्या क्लायंटचा शेअर (सामायिक फोल्डर) शोधताना भर नेटबायोस या विंडोजच्या जुन्या पद्धतीतल्या नावावर असतो. आधी स्वतःची कॅशे (लक्षात ठेवलेल्या नावांची यादी) बघायची. विन्स सर्व्हर (या नावांचे पत्ते सांगणारा) नेमून दिला असेल तर त्याला विचारायचं. नसेल तर सबनेटभर हाक मारायची, ‘या नावाचं कोणी आहे का?’ तीनदा, पाऊण-पाऊण सेकंदाच्या अंतराने. ही हाक राउटर ओलांडत नाही! सर्व्हर शेजारी होता तोवर ओ देत होता, पलीकडे गेला आणि हाक पोचेनाशी झाली. आमच्याकडे विन्स नव्हताच. आयपीकॉन्फिग या कमांडमध्ये नोड टाइपपुढे (नाव शोधायच्या पद्धतीपुढे) ‘ब्रॉडकास्ट’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग एलएमहोस्ट्स, म्हणजे नावं आणि पत्ते हाताने लिहायची फाइल. ती फाइल मी आधीच केली होती, तरी काम होत नव्हतं. तुम्ही फोल्डरची डिर यादी मोठ्याने वाचायला लावलीत, आणि नोटपॅडने मागे चिकटवलेलं ‘.टीएक्सटी’ तिथे सापडलं. ओळीच्या शेवटी ‘#प्री’ (#PRE) इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलंत, म्हणजे नोंद आधीच कॅशेत बसते आणि हाक मारायची वेळच येत नाही. फाइल पुन्हा कॅशेत भरायला एनबीटीस्टॅट या कमांडला मोठा आर द्यायचा, छोटा नाही, कारण छोटा नुसती आकडेवारी दाखवतो. हे मला कुठल्याच मदतपानावरून इतकं पक्कं कळलं नसतं. कॅशेत सर्व्हरचं नाव तीनदा दिसलं तेव्हा मी गोंधळलो. नावाची अक्षरं 15, सोळावा बाइट सेवेचा, फाइल शेअरचा हेक्साडेसिमल 20, हेही तेव्हाच सांगितलंत. तुम्ही सुचवलेले 1987 चे आरएफसी 1001 आणि 1002 (नेटबायोसचे तांत्रिक दस्तऐवज) नंतर वाचले. आता ते नोड टाइप डोळ्यांसमोर उभे राहतात.

तयार ओळ सांगून तुम्ही दोन मिनिटांत मोकळ्या झाला असतात. तसं केलं नाहीत, याचे आभार सर्वांत जास्त. सर्व्हरचा पत्ता बदलला तर ही ओळही बदलायची, ही तुमची सूचना यंत्राशेजारच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

आणि शेवटी, संगणक रीस्टार्ट होऊन नाव पुन्हा सापडेपर्यंत तुम्ही फोनवर थांबलात. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा,
नेटवर्क सांभाळणारा एक सहकारी