निष्पत्ती मोजायच्या तर उत्तरपत्रिका उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे याची, विचारणा होते. मग प्रत्येक विषयाची निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तीशी 1, 2, 3 अशा आकड्यांनी (1 म्हणजे संबंध कमी, 3 म्हणजे जास्त) जोडायची, परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये भरायचे आणि सरासरी काढायची, अशी रीत पडली आहे. किती टक्के मुलांना किती गुण मिळाले की निष्पत्ती साध्य, हे महाविद्यालयच ठरवते. ती रेघ खाली ओढली की सगळे साध्यच दिसते! शिवाय 80 पैकी 52 गुणांत पाठांतर किती आणि विचार किती, हे त्या बेरजेतून कळत नाही. जोडणीचा तक्ता तर अनेकदा सत्र संपल्यावर, मूल्यांकनाची वेळ झाली की भरला जातो.

गोव्यात हे नीट करणे शक्य आहे. रसायनशास्त्र असो वा मराठी, पदवीधराला काय यायला हवे याच्या पाच-सहाच निष्पत्ती विद्यापीठाने ठेवाव्यात. 'समजेल', 'जाणीव होईल' ही क्रियापदे मोजता येत नाहीत. 'आलेख वाचून पुराव्याला धरून निष्कर्ष लिहील' हे मोजता येते. मांडवीच्या मुखाजवळच्या क्षारतेचा वर्षभराचा आलेख द्या. आकडे नुसते उतरवले तर पातळी 1. पावसाळ्यात क्षारता उतरते हे ओळखले तर 2. नदीतून येणाऱ्या गोड्या पाण्याशी त्याचा संबंध लावला तर 3. एका ठिकाणच्या नोंदींवरून संपूर्ण नदीबद्दल बोलता येणार नाही, हेही लिहिले तर 4. मराठीच्या विद्यार्थ्याला जनगणनेतील भाषांचे आकडे द्यावेत, पातळ्या त्याच. भाषेची शुद्धता मात्र वेगळ्या रकान्यात तपासा, नाहीतर इंग्रजी कच्चे असलेले मूल विचारातही कच्चे ठरते. आपल्याकडे हा अन्याय सर्रास होतो.

अंतिम वर्षाची शंभरेक उत्तरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि नावे झाकावीत. प्रत्येक उत्तर दोघांनी तपासावे, त्यातला एक दुसऱ्या विभागाचा. त्याआधी दहा उत्तरे सर्व परीक्षकांनी एकत्र बसून तपासायलाच हवीत. 2 आणि 3 यांमधली सीमा तिथेच ठरते. ही पायरी गाळली तर एकाच उत्तराला कुणी 2 देतो, कुणी 4, आणि पुढचे आकडे निरर्थक होतात. दोन पातळ्यांचा फरक पडला तर तिसरा परीक्षक. वर्षाला दोनच निष्पत्ती घ्याव्यात, म्हणजे तीन वर्षांत सहा होतात.

हे निकाल शिक्षकांच्या पदोन्नतीशी जोडू नयेत. जोडले की सर्वांना 3 आणि 4 मिळू लागतात. ते अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळापुढे जावेत. मुले पातळी 2 वर अडत असतील तर कोणत्या सत्रात कोणता सराव वाढवला, याची मंडळाने नोंद ठेवावी आणि पुढच्या फेरीत तीच निष्पत्ती पुन्हा मोजावी. परीक्षकांना मानधन आणि तपासणीच्या दिवसांपुरती तासिकांतून सूट, एवढी तरतूद याच शैक्षणिक वर्षात व्हावी, अशी आमची विनंती आहे.

आपले,
काही प्राध्यापक, फोंडा