दादा, हे तुमच्यासाठी

प्रिय दादा,

गेमसाठी आवाज तयार करून पोट भरता येतं, हे आमच्या वेंगुर्ल्यात अजून फार जणांना पटत नाही. मला पटलं ते तुमच्यामुळे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

रेकॉर्डिंग मला येत होतं. गेममधला आवाज कसा चालतो, ते तुम्ही शिकवलंत. सिनेमात पाऊल कधी पडणार हे ठरलेलं असतं, गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या हातात. जांभ्यावरचं एकच पाऊल पुन्हा पुन्हा वाजलं, तर कानाला लगेच कळतं. म्हणून प्रत्येक जमिनीची सात-आठ पावलं घ्यायची, एफमॉड या गेमच्या आवाजांच्या सॉफ्टवेअरमध्ये आलटून पालटून वाजवायची, दर वेळी पट्टी किंचित वर-खाली करायची. संगीताचेही थर सुटे ठेवायचे, म्हणजे शत्रू जवळ आला की ढोल चढतो आणि तो लांब गेला की नुसता तंबोरा उरतो. एफमॉड आणि त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वाईज शिकायला फुकट मिळतात, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

पण त्याहून मोठं देणं पैशांच्या बाबतीतलं आहे. पहिल्या परदेशी कामाचा ईमेल दाखवला, तेव्हा आकडा बघायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘हक्क कोणाकडे?’ संगीताचा दर मिनिटावर, इफेक्टचा नगावर. सगळे हक्क द्यायचे तर रक्कम वेगळी. आगाऊ पैसे आल्याशिवाय सुरुवात नाही, आणि दुरुस्त्या किती वेळा ते करारातच लिहायचं. या धंद्यात दर कुणी उघड बोलत नाही. चांगले कान असलेली मुलं त्यापायीच कंटाळून दुसरीकडे वळतात, असं मला वाटतं. तुम्ही तर स्वतःची जुनी बिलं माझ्यापुढे ठेवलीत. ‘केलेल्या कामाचे पैसे मागूक लाजू नको,’ हे तुमचं वाक्य प्रत्येक कोटेशन पाठवताना आठवतं.

पुण्याला यायची घाई नको, असंही तुम्हीच म्हणालात. पावसाळ्यात कौलांवरच्या माऱ्यामुळे घरात माइक लावता येत नाही, तेव्हा मी एडिटिंग उरकते. बाहेरचं रेकॉर्डिंग दिवाळीनंतर. या वर्षी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढतानाचे आवाज घेतले, ओला दोर, वाळू, माणसांचा पुकारा. रापणकरांना आधी विचारलं आणि त्यांचे पैसे हातात दिले.

चवथीला गावी याल तेव्हा वहिनींना घेऊन घरी यायचंच. माझे आवाज असलेला गेम तुम्हाला हेडफोन लावून खेळायला द्यायचा आहे.

तुमची,
वेंगुर्ल्याची शिष्या