काकू, तुमच्या हातनं काय पुसलं नव्हतं

भावा,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. राजारामपुरीतल्या तुझ्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आपण चार संध्याकाळी बसलो, एवढी खूण तुला पुरे.

बाबा २०११ पासून चालवत होते ती वेबसाइट ड्रुपल ७ या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर होती. ५ जानेवारी २०२५ ला त्याच्या अधिकृत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, वर्डप्रेसवर, हलवणं आलंच. आधी ज्यांना काम दिलं त्यांनी पैसे आगाऊ घेतले आणि आठवड्यात 'झालं' म्हणून कळवलं. वर्डप्रेसवर सगळे लेख होते, पण प्रत्येकावर एकच तारीख. त्यांनी काम केलं त्या दिवसाची! विचारलं तर म्हणाले, "मजकूर आलाय ना? तारखा कोण बघतंय?"

त्याचा राग अजून गेलेला नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बाबा रोज लिहीत होते: राजाराम बंधाऱ्यावर आज पाणी किती फूट, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी आलं, कुणाचं जोतं बुडालं. धोक्याची पातळी ४३ फूट, हे इथं कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगेल. २०२१ ला पंचगंगा परत चढली तेव्हा शेजारपाजारचे त्याच नोंदी उघडून, मागं कितव्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं ते ताडून सामान वर चढवत होते. त्या नोंदींवरची तारीख गेली तर उरलं काय?

मग काम तुझ्याकडं आलं. तू जुना डेटाबेस उघडलास आणि पाच मिनिटांत म्हणालास, "तारखा हायत की दादा. कुणी आणल्याच न्हाईत." त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलता बोलता मी तुला सांगितलं होतं की आई रोज दुपारी बाबांचा रंकाळ्यावरच्या फेरफटक्याचा लेख उघडते. त्यात तिचा उल्लेख 'सौ. म्हणाली' एवढाच आहे. मी तो तिच्या मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवून दिला होता. आधीच्या लोकांनी लेखांचे जुने वेब-पत्ते तोडले आणि तिथं 'पान सापडत नाही' यायला लागलं. तिला वाटलं, आपल्याच हातनं पुसलं गेलं. दोन दिवस ती घाबरून मला बोलली नाही.

तू सगळे जुने पत्ते ३०१ नं, म्हणजे जुना पत्ता दाबला की आपोआप नवं पान उघडेल अशा कायमच्या सोयीनं, नव्या जागी वळवलेस, ते तुझं कामच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरी आलास, आईशेजारी बसलास आणि मोबाइल तिच्याच हातात देऊन म्हणालास, "काकू, तुम्हीच दाबा." लेख उघडला. वर बाबांचं नाव, खाली त्यांची तारीख. मग तू हळूच म्हणालास, "तुमच्या हातनं काय पुसलं नव्हतं. चूक आमच्या लोकांची होती."

आमच्या लोकांची! ज्यांना तू कधी पाहिलंही नाहीस त्यांची चूक तू आपल्या अंगावर घेतलीस, एका म्हातारीच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून. असं वागायला कुठला कोर्स शिकवत नाही रे. तुझ्या घरच्यांनाही माझा नमस्कार सांग.

बाबांची २००५ च्या पुराची वही माळ्यावर सापडली आहे. आई वाचून दाखवते, मी टाइप करतो. तारीख आली की ती दोनदा वाचते.

तुझा,
दादा