घर घेतलंय, रागावू नका

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगेन म्हणता म्हणता तीन रविवार गेले. आई ‘जेवलीस का’ विचारते आणि माझं धाडसच संपतं. म्हणून लिहितेय. आम्ही घर घेतलं. टोरांटोत नाही, सेंट मेरीज नावाच्या लहानशा गावात. ‘पाच वर्षांत परत येतो’ म्हणाले होते, ते मला आठवतं, बाबा.

हप्ता भाड्याइतकाच बसतो. जुनी घरं चुनखडीच्या दगडाची, आपल्या वाड्याच्या जोत्यासारखी. तुमची खोली खालीच आहे, एकही पायरी नाही, संडास खोलीला लागून. आई, देवांना पूर्वेचा कोपरा ठेवलाय.

शिवाय कॅनडाच्या बेसबॉलचं संग्रहालय याच गावात आहे. ‘ती कसली चेंडूफळी!’ म्हणाल तुम्ही. पण ऐका. इथले एकेकाळचे महापौर डॉ. अ‍ॅडम फोर्ड यांनी लहानपणी जवळच्या बीचव्हिलला एक सामना पाहिला होता, ४ जून १८३८ चा. पुढे ते डेन्व्हरला गेले आणि १८८६ साली तिथून एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहून त्यांनी तो सगळा सांगितला. कोण कोण खेळलं, मैदान कसं आखलं होतं, सगळं. चेंडू पिळलेल्या लोकरी सुताचा, वरून वासराचं कातडं. (आई, नाक मुरडू नकोस.) अठ्ठेचाळीस वर्षांनी इतकं आठवतं का, अशी शंका जाणकारही घेतात. मी नाही घेत. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून तुम्ही केलेला चेंडू मला अजून हातात जाणवतो. तो गच्चीवरून गटारात गेला तेव्हा मी रडले होते, आणि तुम्ही ऑफिसचे कपडे न बदलता खाली उतरला होतात.

फर्गी जेन्किन्स नावाचा कॅनडाचाच एक गोलंदाज आहे, म्हणजे पिचर. अमेरिकेतल्या कूपर्सटाउनला बेसबॉलचं मानाचं दालन आहे, तिथल्या मानकऱ्यांत गेलेला पहिला कॅनडियन, १९९१ साली. त्याची चेंडूची पकड तुम्हाला दाखवायचीय. तुम्ही दहा चुका काढाल.

आता ऐका. पासपोर्ट या महिन्यात नवे करायला टाका. बीपीची गोळी रोज म्हणजे रोज, ‘आज बरं वाटतंय’ चालणार नाही. आई, गच्चीवर वाळवणं घालायला जिना चढायचा नाही, शेजारच्या काकूंना सांग. आणि बाबा, हे पत्र आधी तुम्ही वाचा, मग तिला चहा झाल्यावर वाचून दाखवा. घराचा भाग जरा हळू.

मेतकूट संपलंय.

तुमची,
चिमी